वहीत नसलेल्या बायका

"बायका यायच्याच की! नावं कोण लिहीत बसणार?"

आज आमच्या सायकल क्लबच्या जुन्या वह्या चाळताना एक ज्येष्ठ सभासद अगदी सहज म्हणाले.

वहीत वर्गणी आहे, पदाधिकारी आहेत, कुणाचं चाक कुठे पंक्चर झालं तेही आहे. बायका नाहीत.

दिवसभर तेच वाक्य डोक्यात फिरतंय. १८८० मध्ये स्थापन झालेली 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' ही अमेरिकेतली सायकलस्वारांची संघटना चांगल्या रस्त्यांसाठी झटली, पण १८९४ मध्ये तिने कृष्णवर्णीयांना सभासदत्वच नाकारलं. किटी नॉक्स ही कृष्णवर्णीय सायकलपटू १८९३ मध्येच सभासद झाली होती. तिचं नाव कागदावर होतं, म्हणून तिला हक्काने भांडता आलं.

आमच्याकडे तर असा नियमही नव्हता. फक्त कुणाला लिहावंसं वाटलं नाही, आणि मला तेच जास्त लागलंय.

क्लबचा इतिहास लिहायला घेतलाय. तुमच्या आई-आजीपैकी कुणी यायचं का?