ऑर्डर आली की

१६ जानेवारी २०२३, लातूर

आज कर, संक्रांतीचा दुसरा दिवस. छकुलीच्या दत्तकाचं नवं शपथपत्र संस्थेला पाठवायला हे निघाले होते, आईंनी दारातच अडवलं. "करीच्या दिवशी कागद बाहेर काढू नको. उद्या जा." एरवी मी वाद घातला असता. दत्तकाच्या ऑर्डरीसाठी पाच महिने थांबलोय, त्यात आणखी एक दिवस.

काल छकुलीचं बोरन्हाण झालं. नऊ महिन्यांची आहे. काळं झबलं, गंजगोलाईतून आणलेला हलव्याचा मुकुट. मुकुट तिनं लगेच ओढून तोंडात घातला. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे पडायला लागले तशी आधी दचकली, मग एक बोर मुठीत धरून बसली. झोप लागल्यावरच ते मला काढून घेता आलं.

हे बोरन्हाण खरं तर होणारच नव्हतं. ऑगस्टात तिला आणल्यापासून घरात एकच बोलणं होतं, ऑर्डर आली की. बारसं? ऑर्डर आली की. पाहुण्यांना बोलावणं, पोस्टात सुकन्याचं खातं, सगळं ऑर्डर आली की. खात्याला जन्मदाखला लागतो आणि आमच्या नावाचा दाखला ऑर्डरीशिवाय निघत नाही, ते एक ठीक. बाकीचं आम्हीच अडवून ठेवलं होतं.

२०१८ला कारावर, म्हणजे दत्तकाच्या सरकारी यंत्रणेकडं, नोंदणी केली होती. गेल्या जुलैत निरोप आला, होकार कळवायला ४८ तास होते, आम्हाला तेवढे लागले नाहीत. दत्तकपूर्व संगोपन म्हणून ती घरी आली. म्हणजे लेकरू आमच्याजवळ, पण कायद्यानं अजून आमचं नाही. संस्था दुसऱ्या जिल्ह्यातली, म्हणून अर्जही तिकडच्याच कोर्टात. असा अर्ज दोन महिन्यांत निकाली काढावा असं कायद्यातच लिहिलंय. मी कालनिर्णयवर ऑक्टोबरात खूण करून ठेवली होती.

मग १ सप्टेंबरपासून कायदा बदलला. दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देणार. कामं लवकर व्हावीत म्हणून केलेला बदल, पण आमच्यासारखे मधल्यामधे अडकले. इकडं विचारलं की फाईल तिकडं जाणार, तिकडं विचारलं की अजून आली नाही. शंभराच्या नव्या बाँडवर शपथपत्र पुन्हा केलं, तब्येतीचे दाखले पुन्हा काढले. गेल्या आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, आधीची प्रकरणं तूर्त कोर्टांनीच चालवावीत. म्हणजे आमचा अर्ज जिथं होता तिथंच. संस्थेतल्या ताईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मी नुसतं "बरं" म्हटलं आणि छकुलीची दुपटी वाळत घालायला गेले.

तपासणी हवीच. लेकरू कुणाच्या हाती देतोय हे दहादा बघायलाच पाहिजे, ते मी मनापासून मानते. पण घरभेट झाली, अहवाल चांगले आले, आणि तरी फाईल कुणाच्या टेबलावर आहे हे कुणी सांगत नाही, तेव्हा जीव कासावीस होतो. रात्री ती कुशीत असते आणि मनात येतं, काही खोट निघाली तर? परत मागितली तर? हे मी यांनाही बोलले नाही. आज इथं लिहितेय.

आईंना मात्र असलं काही शिवत नाही. येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, छकुलीला शेतात नेलं होतं. आईंनी तिला पूजेच्या कडब्याच्या कोपीपुढं मांडीवर घेतलं आणि आंबिलाचं बोट चाटवलं. भावकीतल्या एका काकूंनी विचारलं, "कागद झाले का लेकराचे?" आई म्हणाल्या, "लेकरू कागदावर झोपतंय का माझ्या मांडीवर?" परतताना मला म्हणाल्या, "तुमच्या ऑर्डरीपायी पोरीची पहिली संक्रांत बुडवू नको गं."

गेल्या मंगळवारी गोवर-रुबेलाच्या लसीला नेलं. कार्डावर संस्थेचा शिक्का, आईच्या नावापुढं आडवी रेघ. सिस्टर नवीन होत्या. "आईचं नाव?" भर रांगेत विचारलं. मी म्हटलं, "मीच आई. कागद यायचाय." त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, पेन ठेवला, ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि त्या रेघेच्या वर माझं नाव लिहिलं. "कागद आला की या, पेननं गिरवून देते." कार्ड देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवलंय. आज दोनदा काढून बघितलं.

मघाशी नणंदबाईंना फोन केला. बारसं रथसप्तमीला, २८ तारखेला. "ऑर्डर आली?" त्यांनी विचारलं. "नाही आली, तुम्ही या," म्हटलं. अर्जाच्या प्रत्येक प्रतीवर तिचं नाव टाईप होऊन पाच महिने झाले, तिच्या कानात अजून कुणी सांगितलेलं नाही. ते आत्यानंच सांगायचं असतं.