चष्मा फोनवरून मागवायचा का? आधी सांगा, कोणासाठी

ब्लाउज शिवायला टाकायला येणाऱ्या बाया माझा निळ्या दांडीचा चष्मा पाहून हमखास विचारतात, "ताई, हा ऑनलाइनवाला ना? आम्ही पण मागवू का?" मी आधी विचारते, कोणासाठी? सगळं त्यावरच ठरतं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. चष्म्याचं दुकान आर्वीला आणि डोळ्यांचं मोठं काम निघालं तर सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना. आर्वीला गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडते. चष्मा हातोहात मिळत नाही, तयार झाला की आणायला पुन्हा जावं लागतं. तूर सोंगणीच्या दिवसांत कोणाला सवड असते? म्हणून फोनवर फ्रेम पाहायची, आपला नंबर भरायचा आणि पार्सल घरी, ही सोय मला खरंच मोलाची वाटते. पैसेही बऱ्याचदा कमी लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, पण तो दुकानातही तेवढाच. त्यामुळे दुकानाचा भाव न विचारताच तिथं महाग असणार असं धरून चालू नका.

माझा नंबर साधा, फक्त जवळचा. डोळे तपासायला बसले तेव्हा मी तपासणाऱ्या बाईंना सांगितलं की मला पोथी वाचायची नाही, सुईत दोरा ओवायचा आहे. वाचायचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरचं अंतर धरून काढतात. माझी मशीनची सुई त्याहून जवळ येते. घरून टेपनं मोजून नेलं होतं, ते अंतर धरून त्यांनी नंबर दिला. असा हातात कागद असेल, तो ताजा असेल आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर लहान असेल, तर खुशाल ऑनलाइन मागवा. बाजारात हातगाडीवर मिळतो त्या तयार चष्म्यापेक्षा तो केव्हाही बरा. तयार चष्म्यात दोन्ही काचांना एकच नंबर असतो आणि तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडरचा, तर नसतोच.

फक्त एक आकडा कागदावर बहुतेक वेळा लिहिलेला नसतो, तो मागून घ्या. दोन बाहुल्यांमधलं अंतर, त्याला पीडी म्हणतात. मोठ्या माणसाचं बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या मध्ये असतं. काचेचा मधला बिंदू बाहुलीसमोर यावा लागतो, नाहीतर डोळे ओढल्यासारखे होतात, कपाळ दुखतं. नंबर जितका मोठा, तितका हा फरक जास्त जाणवतो. पुतणीनं माझं अंतर कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजलं. समोरासमोर हातभर अंतरावर बसलो. तिनं आधी उजवा डोळा मिटून माझ्या उजव्या बाहुलीवर शून्य धरलं, मग पट्टी न हलवता डावा मिटून माझ्या डाव्या बाहुलीवर वाचलं. आकडा जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजलं. नंबर भरतानाही अधिक-उण्याची खूण दोघींनी मिळून तपासा. १.२५ च्या आधी खूण चुकली तर चष्मा उलटाच होतो.

आता मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं सांगते. त्यांना बायफोकल लागतो, एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर. दिरांनी पुण्याहून मोठ्या हौसेनं ऑनलाइन मागवून पाठवला, फ्रेमही देखणी होती. पण मामाजी वावरात निघाले की धुऱ्यावर थबकायचे. म्हणायचे, "बाई, खालची जमीन वर आल्यावानी दिसते, पाय कुठी टाकू समजतच नाई." जवळच्या नंबरची खालची खिडकी पार वर बसली होती. मागवताना उंची कोणी विचारलीच नव्हती. परत न्यायला आमच्या पिनकोडवर माणूस येत नाही. शेवटी आर्वीच्या चष्मेवाल्यांनी नवा करून दिला. फ्रेम चेहऱ्यावर चढवून मामाजींना सरळ समोर पाहायला लावलं, खालच्या पापणीच्या रेषेत काचेवर पेनानं खूण केली, मग काढून पट्टीनं मोजलं. पाच मिनिटांचंच काम, पण ते फोनवर होत नाही. म्हणून बायफोकल, प्रोग्रेसिव्ह (मधे रेघ नसलेला, लांबचा-जवळचा एकत्र) आणि मोठा नंबर यांना दुकानच. पडून खुबा मोडला तर वाचवलेल्या पैशाला काय अर्थ?

लेकरांचाही चष्मा ऑनलाइन नको. त्यांचा डोळा स्वतःच जोर लावून नंबर लपवतो, म्हणून पुष्कळदा थेंब टाकून तपासावं लागतं. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. शाळकरी मुलांना सरकारी कार्यक्रमातून फुकट चष्मा मिळतो, त्याची चौकशी करा.

आणि चाळिशी उलटलेल्यांनो, नंबर काढला म्हणजे डोळा तपासला असं होत नाही. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, कडेकडेनं नजर खात जातो. गेलेली नजर परत येत नाही. डोळ्याचा दाब डॉक्टरांकडेच मोजावा लागतो. साखर असेल तर पडदाही दाखवा. साखर वरखाली होत असताना काढलेला नंबर टिकत नाही, ती आटोक्यात आल्यावरच चष्मा करा.

ऑनलाइन आलेली फ्रेम नाकावरून घसरत असेल तर आर्वीला दांडी वाकवून मिळते. त्याचे वीस-तीस रुपये खुशीनं द्या, घासाघीस करू नका. कापूस वेचून आल्यावर धुळीची काच पदरानं कोरडी पुसू नका, आधी पाण्याखाली धरा. आणि मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत चष्मा ठेवूच नका. आपल्याकडच्या उन्हात वरचा थर तडकतो, मग कितीही पुसा, काच धुरकटच राहते.