खुट्ट होताच उठणारे लेकरू

लातूर, बुधवार, रात्री साडेअकरा

बाळाला सहावा महिना लागला तरी त्याची झोप सावधच राहिली आहे. कुकरच्या शिट्टीने किंवा रस्त्यावरच्या हॉर्नने ते उठले तर कुणाला नवल वाटणार नाही. आमचे लेकरू मात्र डब्याचे झाकण निघाल्याच्या आवाजानेही दचकते आणि एकदा डोळे उघडले की अर्धा-पाऊण तास खांद्यावरून उतरत नाही.

त्यामुळे घरातला एकेक आवाज मला आता वेगळा ओळखता येतो. काचेच्या बांगड्या मी संध्याकाळीच उतरवून ठेवते. जोडवी शहाबादी फरशीवर वाजतात, म्हणून बोटे वर उचलून टाचेवर चालायची सवय लागली आहे. स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी करकरते. तिला करडईचे तेल सोडले की आठवडाभर गप्प बसते आणि मग पुन्हा सुरू होते. कडी लावताना ती कोयंड्यावर सोडून द्यायची नाही, आधी बोटावर झेलायची आणि मग बोट हळूच काढून घ्यायचे, ही कला ह्यांनाही जमू लागली आहे.

एकाच आवाजाने बाळ कधी उठते आणि कधी हलतही नाही, याचे कोडे मला बरेच दिवस पडले होते. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितले की, मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचे असते, तर तान्ह्या बाळाचे 50 ते 60 मिनिटांचे. जन्मल्यानंतर सुरुवातीला तर जवळजवळ निम्मी झोप चाळवलेलीच असते, ज्यात पापण्यांखाली बुबुळे फिरतात, ओठ हलतात, मध्येच हसू येते. एक आवर्तन संपून दुसरे लागायच्या वेळी झोप पातळ होते आणि नेमकी तेव्हाच वाटी पडली की सगळे मुसळ केरात. या वयात दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप व्हावी, असे त्या म्हणाल्या. तुकड्यातुकड्यांनी का होईना, आमची बेरीज बारापर्यंत पोचते आणि वजनही नीट वाढते आहे, त्यामुळे काळजीचे कारण नाही. माझ्या डोळ्यांखालची वर्तुळे त्या बेरजेत येत नाहीत, हा भाग वेगळा.

आवाजापेक्षा आवाजातला बदल त्याला जास्त उठवतो, हे मात्र मला उन्हाळ्याने शिकवले. दुपारी कूलरची घरघर चालू असली की बाहेर भाजीवाला ओरडून गेला तरी बाळ ढिम्म झोपते; वीज गेली, कूलर थांबला आणि घर चिडीचूप झाले की मिनिटाच्या आत रडणे सुरू. खोलीतला सततचा आवाज 50 डेसिबलच्या वर नसावा, असे डॉक्टरांनी बजावल्यापासून कूलर खिडकीजवळून हलवून बाहेरच्या खोलीच्या दारात ठेवला आहे. वारा थोडा कमी लागतो, पण काम भागते.

सासूबाईंचे मत निराळे आहे. "घर लई चिडीचूप ठेवू नको माय, लेकराला आवाजाची सवय लागू दे," असे त्या रोज म्हणतात. त्यांचे सासर किल्लारीच्या बाजूचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा हे तान्हे होते. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे झोपेत असताना दगडमातीची घरे अंगावर आली, त्यात हे दोघे वाचले. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहताना वर पाऊस बडवत असायचा, आजूबाजूला रडारड चालायची आणि ह्यांना मात्र गाढ झोप लागायची, हा त्यांचा पुरावा. मला तो पुरावा पटतो, पण वेगळ्या अर्थाने. पत्र्यावरचा पाऊस म्हणजे त्या काळचा कूलरच होता. आणि सवयीचे म्हणावे, तर सासूबाईंची स्वतःची झोप त्या पहाटेनंतर पुन्हा कधी गाढ झाली नाही. अवजड ट्रक जाऊन खिडकीची काच थरथरली की त्या आजही उठून बसतात. बाळ रात्री कुरकुरते तेव्हा माझ्या आधी त्याच उठलेल्या असतात आणि तीन वाजल्यानंतरची पाळी त्यांनी न बोलता आपल्याकडे घेतली आहे. यावर मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

झोळीवरून मात्र आमचे जमत नव्हते. जुन्या लुगड्याच्या झोळीत बाळ चटकन झोपते, हे खरेच. पण रात्रभर त्यात ठेवायचे नाही, घट्ट, सपाट गादीवर उताणे आणि उशीशिवाय झोपवायचे, असे डॉक्टरांचे स्पष्ट सांगणे आहे. शेवटी दिवसा झोळी, तीही कुणीतरी समोर बसलेले असताना, आणि रात्री गादी, असे ठरले. राईची उशी सासूबाईंनी स्वतःच कपाटात ठेवून दिली.

आता राहिला वरचा मजला. तिथे नीटची तयारी करणारा हिंगोलीकडचा मुलगा राहतो. तो पहाटे चारला उठतो आणि खुर्ची मागे ओढतो, ती नेमकी आमच्या गादीवर. मी बोलले तेव्हा बिचारा ओशाळला आणि म्हणाला, "ताई, मी खाली बसून वाचतो." इतक्या तासांच्या अभ्यासाला जमिनीवर बसून पाठ राहायची नाही. त्याची परीक्षा मे महिन्यात आहे, तोवर खुर्ची ओढली जाणारच. तेव्हा उद्या गंजगोलाईत गेले की खुर्चीच्या पायांना बसवायची चार रबरी बुचे घेऊन यायची आहेत.