उजवा हात, ताशाची तर्री आणि मेटलमधल्या बायका : सांगलीहून ताजा हालहवाल

मंडळी, या वर्षी हेवी मेटल संगीतातले फक्त बायकांनी वाजवलेले भाग गिटार-बेसवर बसवायचे, हा नेम अजून मोडलेला नाही. गायिका नकोत, वाजवणाऱ्या हव्यात, ही अट माझीच. ‘मेटलमधल्या बायका’ म्हटलं की गप्पा गायिका तार्या तुरुनेनपासून सुरू होतात, अँजेला गोसोपाशी येतात आणि तिथंच संपतात. दोघी थोरच, वाद नाही. पण जो बेंचचं नाव काढा, समोरचा विचारतो, ‘तो कोण?’ इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या बोल्ट थ्रोअरचा बेस (खालच्या सुरांची गिटार) या बाईनं १९८७ पासून २०१६ मध्ये बँड थांबेपर्यंत सांभाळला. डेथ मेटलमध्ये एवढा काळ एकाच बँडमध्ये टिकलेले पुरुष तरी किती निघतील?

आधी गर्लस्कूल. १९७८ सालचा लंडनचा बँड, चौघीही बायका. १९८१ चा ‘हिट अँड रन’ ब्रिटनच्या अल्बम यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला होता. त्यातली लीड गिटार केली जॉन्सनची. २००७ मध्ये ती गेली, जेमतेम एकोणपन्नास वर्षांची. तिचे सोलो ऐकायला सोपे वाटतात म्हणून मी तिथून सुरुवात केली. स्वर सापडायला खरंच वेळ लागला नाही. पण तिचं बेंडिंग (तार ओढून सूर चढवणं) नेमक्या सुरावर जाऊन थांबतं आणि तिथं पोचल्यावरच कंप सुरू होतो, घाई नाही. माझा कंप बेंड पोचायच्या आतच चालू व्हायचा. आता ट्यूनर समोर लावून बसते. आधी वरचा स्वर साधा वाजवायचा, मग त्याच सुरापर्यंत तार ओढायची, सुई मध्यावर स्थिर झाली की मगच बोट हलवायचं. कंटाळवाणं आहे, पण फरक पडलाय. डाऊनपिकिंग (सगळे आघात वरून खाली) मेट्रोनोमच्या १७० वर, म्हणजे मिनिटाला १७० ठोक्यांवर, न दमता जमतंय, १८५ वर मनगट आखडतं.

गर्लस्कूलवरून आठवलं. १९८१ मध्ये त्यांनी आणि मोटरहेड या बँडनं मिळून एक ईपी (तीन-चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड) काढली, सिंगल्सच्या यादीत तीही पाचवी आली. त्या वेळी मोटरहेडचा ड्रमर फिल टेलर याची मान जायबंदी होती, त्यामुळे त्यावर ड्रम गर्लस्कूलच्या डेनिस ड्यूफोर्टनं वाजवलेत. आपल्यातले अर्धेअधिक लोक ते ऐकताना ‘काय फिल टेलर वाजवतोय!’ म्हणून माना डोलवत असणार.

आता या खेपेचा मुख्य उद्योग. जो बेंचसाठी चार तारांचा बेस उसना आणला. बोल्ट थ्रोअरचा सूर इतका खाली की नेहमीच्या तारा त्या सुरात सैल पडतात आणि फ्रेटवर आपटून नुसत्या खडखडतात. त्यावर जुना उपाय असा, की पाच तारांच्या बेसचा सेट घ्यायचा, त्यातली सगळ्यात बारीक तार बाजूला ठेवायची आणि उरलेल्या चार चढवायच्या. सूर खालचा, तरी ताण शाबूत. अडचण एकच, १३० ची (म्हणजे ०.१३० इंच) जाड तार नटाच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या, खाचेत बसेना. खाचेच्या वरच राहायची, आणि पिळ दिला की ‘टक्’ करून उडी मारायची.

मग बेसच्या मालकाला विचारलं आणि तो घेऊन मिरजेला गेले. आपल्याकडे हे एक बरं आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा पेपरात छापून आलं, पण तारेच्या कामाला मिरजेला जायचं हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तिथल्या एका चाचांनी बेस मांडीवर आडवा घेतला, तार काढली, बारीक कानशीनं खाच दोन-तीनदा घासली, तार ठेवून पाहिली, पुन्हा घासली. मापाचं यंत्र वगैरे काही नाही. तार खाचेत अर्धी बुडाली, अर्धी वर राहिली, तिथं थांबले. खाचेचा तळ त्यांनी खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरता ठेवला, म्हणजे तार खाचेच्या पुढच्या कडेवरून सुटते आणि स्वर स्वच्छ येतो. नंतर शिसपेन्सिलीचं टोक खाचेत फिरवलं, तार अडकू नये म्हणून. मी खडखडीबद्दल विचारलं तर हसले. म्हणाले, ‘ताई, आम्ही जवारी काढतो ती तार घोडीला घासून बोलावी म्हणून. तुम्हाला ती मुकीच पाहिजे.’ मी मोबाइलवर बोल्ट थ्रोअर ऐकवलं. बराच वेळ ऐकून म्हणाले, षड्ज पक्का आहे. जो बेंचच्या वाजवण्याचं याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही. ती बेस मिरवत नाही. गिटारी कितीही दळत असल्या तरी खाली जमीन हलत नाही, ते तिच्यामुळे.

आता मावसबहिणीकडे वळते. ती इथल्याच एका पथकात ताशा वाजवते आणि गेल्या दिवाळीपासून इलेक्ट्रॉनिक ड्रमवर डबल पेडल (दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवणं) शिकतेय. तिला मी ब्राझीलची ड्रमर लुआना दामेत्तो हिच्या वाटेला लावलं. लुआना आणि बेस वाजवत गाणारी फर्नांडा लिरा या दोघी २०२० मध्ये नर्वोसा या बँडमधून बाहेर पडल्या आणि क्रिप्टा हा आपला बँड घेऊन आल्या. ‘एकोज ऑफ द सोल’ हा त्यांचा पहिला अल्बम २०२१ चा. ब्लास्ट बीटमधला (मेटलचा अतिवेगवान ठेका) स्नेअर ड्रम बहिणीनं झटक्यात उचलला. तर्री (ताशावरचे झरझर सलग ठोके) मारणाऱ्या मनगटाला काडीची उसळी पकडायला शिकवावं लागत नाही. पाय मात्र ऐकेनात. मेट्रोनोमच्या १४० ला सोळा मात्रा सरळ जायच्या, १५० ला डावा पाय मागं रेंगाळायचा. मोबाइल जमिनीवर ठेवून पायांचं चित्रण केलं तेव्हा कारण दिसलं. तिची डावी टाच उजवीपेक्षा बोटभर जास्त उचलली जात होती, म्हणजे प्रत्येक ठोक्याला तेवढा प्रवास जादा. डाव्या पेडलची स्प्रिंग थोडी आवळली, स्टूल थोडं वर घेतलं आणि सगळा सराव डाव्या पायानं सुरू करायचा असं ठरवलं. १५० आता जमतं. १६० ला ती मला शिव्या देते.

नीता स्ट्रॉसबद्दल काहींनी विचारलं होतं. ही गिटारवादक २०१४ पासून रॉकगायक अ‍ॅलिस कूपरबरोबर वाजवायला लागली आणि आयबानेझ या गिटार कंपनीनं पहिल्यांदा एखाद्या बाईच्या नावानं गिटार काढली ती तिचीच. तिचं काही बसवायला घेतलेलं नाही. तो वेग माझ्या आवाक्यात नाही, आणि खरं सांगू, त्या वेगाची मला फारशी ओढही नाही.

ओढ आहे ती व्हॉइस ऑफ बाचेप्रोतची. इंडोनेशियातल्या गारुत भागातल्या तिघी शाळकरी मुलींनी २०१४ मध्ये बँड सुरू केला. हिजाब घालून मेटल वाजवतात म्हणून बातम्या आल्या, घरच्यांचा आणि गावाचा विरोधही झाला, आणि २०२४ मध्ये त्या ग्लास्टनबरीच्या मंचावर होत्या, तिथं वाजवणारा इंडोनेशियाचा पहिला बँड म्हणून. बातम्या हिजाबापाशीच थांबल्या, याचा मला राग येतो. त्यांच्यातल्या विदीचा बेस ऐका, मेटलमध्ये फंकचं स्लॅप (अंगठ्यानं तारेवर थाप) काय नेमक्या जागी येतं! आणि गिटारवाली मार्स्या तुटक ठेक्याचं रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) वाजवता वाजवता त्यावर आडव्या लयीत गाते. हे करून पाहा, मग बोला. मी रिफ चालू ठेवून वर बाराखडी म्हणते. अर्थ नसलेलं काहीतरी तोंडात असलं की हात मोकळा राहतो, असा माझा अनुभव. ‘क का कि की’ नीट जातं, ‘घ’ला पोचेपर्यंत उजवा हात तोंडामागं पळायला लागतो. आईचं म्हणणं, पहिलीत एवढी म्हटली असतीस तर मार वाचला असता.

पुढचा बेत : गणपतीत बहीण पथकात अडकलेली असते, तोवर ड्रमचा भाग थंडच. मी बेस आणि रिदम गिटार वेगवेगळी रेकॉर्ड करून ठेवते. अनंत चतुर्दशीनंतर तिचे ड्रम त्यावर बसवू आणि इथं ऐकवू. दरम्यान एक मदत हवी आहे. १३० च्या तारेवर पाम म्यूट (तळहाताची कड टेकवून तार दाबणं) केलं की सुरुवातीचा ठोका येतो, पण मागचा स्वर पार गिळला जातो. हात ब्रिजकडे (घोडीकडे) सरकवून पाहिला, पिक जाड घेऊन पाहिलं. ब्रिजखाली स्पंजचा तुकडा लावून कुणी वाजवतं का? वाजवत असाल तर किती जाडीचा, ते कळवा.