दिवसाचे दोन तास

जर्मनीतल्या स्टुटगार्टला येऊन मला आठ वर्षं झाली. पहिली सहा वर्षं माझं काम आणि मी, एवढंच होतं. गेली दोन वर्षं सात जणांची टीम माझ्याकडे आहे. या दोन वर्षांत जे शिकले, त्यातलं बरंचसं एका सहकाऱ्याच्या आजारपणामुळे शिकले.

तो आमच्यातला सगळ्यात जुना, अनुभवी इंजिनिअर. गेल्या हिवाळ्यात आजारी पडला. आधी एक आठवडा, मग आणखी दोन, असं करत अकरा आठवडे गेले. इथे आजारपणात पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. त्यानंतर आरोग्य विमा, ज्याला इथे क्रांकेनकासे म्हणतात, तो कपातीआधीच्या पगाराच्या ७० टक्के देतो (हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त मात्र नाही). एकाच आजारासाठी तीन वर्षांत सगळे मिळून ७८ आठवडे ही सोय असते. पलूसला बाबांना फोनवर हे सांगितलं, तर ते थोडा वेळ गप्पच झाले. मग म्हणाले, "म्हणजे अंथरुणावर पडल्या पडल्या हप्त्याची चिंता नाही." तेवढंच.

मी मात्र पहिल्याच आठवड्यात त्याला मेसेज केला होता, "तुला नेमकं झालंय काय?" उत्तर आलं, "बरा होतोय, आभार." दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंनी मला शांतपणे बाजूला घेतलं. आजारपणाच्या दाखल्याची जी माहिती कंपनीला मिळते, तिच्यात आजाराचं नाव नसतं, आणि वरिष्ठाने ते विचारायचंही नसतं. सांगायचं की नाही, ते त्या माणसाने ठरवायचं.

मला ते फार लागलं. आपल्याकडे शेजारी आजारी पडला आणि विचारपूस केली नाही, तर माणुसकी नाही म्हणतात. डबा न्यायचा, उशाशी बसायचं, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकून घ्यायचं, यालाच मी काळजी समजत आले होते. आजही ते मला चुकीचं वाटत नाही. पण ज्याच्या हातात आपली पगारवाढ आहे, त्याने विचारलं तर "सांगत नाही" म्हणणं सोपं नसतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी शेजारीण नव्हते, त्याची लीड होते.

बारा महिन्यांत सहा आठवड्यांपेक्षा जास्त आजारपण झालं, तर इथल्या कायद्याने कंपनीला त्या माणसाला एक बैठक देऊ करावीच लागते. यायचं की नाही, ते त्याच्या मर्जीवर. बैठकीत विषय एकच: कामात काय बदललं तर तू पुन्हा नीट काम करू शकशील? तो आला. त्याच्या डॉक्टरांनी 'हाम्बुर्ग पद्धती'चा तक्ता दिला होता. पहिले दोन आठवडे रोज दोन तास काम, मग चार, मग सहा, मग पूर्ण दिवस. या काळात तो कागदोपत्री आजारीच असतो आणि पैसे विम्याकडूनच येतात. म्हणजे त्याचं काम माझ्या हिशेबात धरायचंच नसतं.

आणि मी ते धरलं. ग्राहकाची तारीख जवळ आली होती, आणि ते गुंतागुंतीचं काम त्याच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. "जमेल तसं बघ" म्हणून मी ते त्याच्याकडे दिलं. तिसऱ्या दिवशी तो चार तास बसला, चौथ्या दिवशी पाच. मला बरंच वाटलं, माणूस सावरतोय म्हणून! मग कामगार परिषदेचे, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या मंडळाचे, एक सदस्य माझ्या टेबलापाशी आले. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "दोन तास झाल्यावर त्याला उठवण्याची जबाबदारी कुणाची?"

त्या संध्याकाळी मी आमच्या विभागप्रमुख बाईंकडे गेले. बोलणी बसतील असं वाटलं होतं. त्यांनी कामांची यादी मागितली, पेन्सिल घेतली आणि दोन कामं खोडली. एक काम स्वतःकडे घेतलं. ग्राहकाला तारीख पुढे जाईल हे सांगायला मला न पाठवता स्वतः गेल्या. सहानुभूतीचा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. तरी त्या खोलीतून बाहेर पडताना मला आजोबा आठवले.

आजोबा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात ओतकामाच्या खात्यात होते. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ती वसाहत उभी केली. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं, आणि वसाहतीत शिवाशिव पाळायला बंदी केली. आजोबा हे सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा. स्टुटगार्टात तशी आठवण बॉश कंपनीचा संस्थापक रॉबर्ट बॉश याची निघते. त्याने १९०६ मध्येच आठ तासांचा दिवस सुरू केला, जर्मनीभर तो कायदा व्हायच्या कितीतरी आधी. तरीही १९१३ मध्ये त्याच्याच कारखान्यात मोठा संप झाला. भल्या मालकाच्या भलेपणावर सगळं सोपवता येत नाही. इथे पाच कायम कामगार असले तरी कामगार परिषद निवडता येते, त्यामागे असाच इतिहास आहे. ही परिषद व्यवस्थापनाच्या विरोधात असते, असं मी पुण्यातून येताना मनात धरून आले होते. त्या सदस्यांनी तो एक प्रश्न विचारला नसता, तर मी एका चांगल्या माणसाला पुन्हा अंथरुणाला खिळवलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून अकरा वाजले की मी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची. बोलायची नाही. तो हसून लॅपटॉप मिटायचा. टीममधल्या एका तरुण मुलीनेही मग सहानंतर मेल पाठवणं आपणहून बंद केलं. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

पूर्ण दिवस सुरू झाल्यावर महिनाभराने, जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, "फिरून येऊ या का?" द्राक्षमळ्यांच्या चढावर आम्ही अर्धा तास चाललो. मी काहीही विचारलं नाही. वरच्या बाकावर टेकल्यावर त्याने आपणहून सगळं सांगितलं, आजाराच्या नावापासून त्या हिवाळ्यातल्या रात्रींपर्यंत. ते मी इथे लिहीत नाही.