कॅमेऱ्याचा क्लेम आणि मालकीचा पुरावा

सहलीत कॅमेऱ्याची चोरी झाली हे विमा कंपनीने लगेच मानलं. कॅमेरा माझाच होता हे पटवताना मात्र घाम फुटला.

पोलिसांत त्याच दिवशी तक्रार दिली (बऱ्याच पॉलिसींत २४ तासांची अट असते), शिक्का मारलेली प्रत घेतली, हेल्पलाइनवर कळवून क्लेम नंबर मिळवला. इथवर सगळं सुरळीत.

मग कागदांचा रतीब सुरू झाला. आधी खरेदीची पावती. ती दिली, तर पावतीवर मॉडेल आहे पण सिरीयल नंबर नाही, म्हणून वॉरंटी कार्ड हवं. त्यावर दुकानाचा शिक्का नाही, म्हणून खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो हवा. अहो, मग हे सगळं एकदमच मागा ना! दर वेळी एका ओळीची ईमेल, एकच कागद, आणि उत्तर दिलं की फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी. स्टिकर पाठवल्यावर नवीनच शंका: खोकं तुमच्या घरी आहे, पण कॅमेरा सहलीला नेला होता कशावरून?

गाठ सुटली ती फोटोंमुळे. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफ माहिती लिहितो: तारीख, वेळ, मॉडेल, आणि बऱ्याच डीएसएलआर व मिररलेस मॉडेलांत बॉडीचा (लेन्स सोडून मुख्य कॅमेऱ्याचा) सिरीयल नंबरसुद्धा. त्याच सहलीतला, चोरीआधी लॅपटॉपवर उतरवलेला मूळ फोटो एक्झिफ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडला, तर नंबर समोर होता, स्टिकरशी अंक न् अंक जुळणारा. स्क्रीनशॉट आणि मूळ फाइल दोन्ही जोडल्या. त्यानंतर एकही कागद मागितला नाही. फाइल ईमेलनेच पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकली की एक्झिफ गळून पडते. आणि निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा, नाहीतर हाच पुरावा उलटतो.

मंजुरी म्हणजे पूर्ण पैसे नव्हेत. सामानाच्या एकूण विम्याचा आकडा मोठा दिसतो, पण आत ‘एका वस्तूची मर्यादा’ असते, आणि बॉडीला लावलेली लेन्स त्याच वस्तूत धरली जाऊ शकते. त्यातून घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) वजा, शिवाय सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्या पदरची. म्हणून महागाची वस्तू पॉलिसीत किमतीसह स्वतंत्र नोंदवून घ्या, किंवा घराच्या विम्याला घराबाहेर नेलेल्या वस्तूंचं संरक्षण जोडता येतं का, ते विचारा. दागिन्यांना मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लागतं. जोडीतला एकच डूल हरवला तर बहुधा जोडीचे पैसे मिळत नाहीत.

एक राहिलंच. फॉर्ममध्ये ‘वस्तू त्या वेळी कुठे होती’ हा रकाना जपून भरा. खुर्चीवर बॅग ठेवून उठलात तर ‘लक्ष न दिलेलं सामान’ म्हणून क्लेम बाद. गाडीतून चोरी असेल तर वस्तू डिकीत नजरेआड होती आणि कुलूप किंवा काच फोडल्याच्या खुणा आहेत, हे दाखवावं लागतं. फोटो तिथेच काढा.

मौल्यवान वस्तू चेक-इन बॅगेत टाकल्या तर अनेक पॉलिसी हात वर करतात. बॅगच आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी एअरलाइनच्या काउंटरवर पीआयआर (सामानाच्या तक्रारीची नोंद करणारा फॉर्म) भरून घ्या. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार सामान खराब झाल्यास ७ दिवसांत आणि उशिरा मिळाल्यास हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते.

फोनसाठी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आधीच लिहून ठेवा, तोही फोनमध्ये नाही. आणि क्लेमचे सगळे कागद, मागितलेले-न मागितलेले, एकाच पीडीएफमध्ये, विषयात क्लेम नंबर टाकून, त्याच ईमेलच्या उत्तरात पाठवा. वेगळी ईमेल केली की ती दुसऱ्याच कुणाच्या तरी टेबलावर जाते आणि पहिल्या पावतीपासून पुन्हा सुरुवात.