दीड परिच्छेद

लेखन शिबिरातलं ९० मिनिटांचं दुसरं सत्र संपलं. सगळे चहाला उठले, एक प्राध्यापिका मात्र लॅपटॉपसमोर तशीच बसून. स्क्रीनवर जेमतेम दीड परिच्छेद. मला वाटलं, अडलीय कुठेतरी. जवळ गेले तर डोळे भरलेले.

"मॅडम, किती दिवसांनी लिहिताना चोरी केल्यासारखं वाटलं नाही."

पीएचडी होऊन ६ वर्षं झालीत तिला. तास, पेपर तपासणं, समित्यांच्या बैठका हे सगळं काम धरलं जातं. शोधनिबंध मात्र रात्री, घर झोपल्यावर.

लेखन शिबिरात आम्ही खरं तर काही शिकवत नाही. सकाळी प्रत्येकाने आज काय लिहिणार ते मोठ्याने सांगायचं, फोन बाहेर ठेवायचे आणि एकाच खोलीत गप्प बसून लिहायचं.

बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजतात. मग लिहिण्याचा तास वेळापत्रकात का नसतो?